एक लाख पंच्याऐंशी हजारांची रात्र: बायबलमधला चमत्कार आणि इतिहासाची फुटपट्टी

‘बायबलमधल्या कथा खऱ्या की खोट्या?’ हा प्रश्न आपल्या मंडळात अधूनमधून निघतो, आणि निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, उत्खननात एवढं सापडलं, मग ग्रंथ खराच. दुसरा म्हणतो, ज्या पुस्तकात समुद्र दुभंगतो आणि सूर्य थांबतो, त्याला इतिहास कसलं म्हणता? दोघांचं बोलणं ऐकून माझं मत असं झालं आहे की गोंधळ उत्तरात नाही, प्रश्नातच आहे. बायबल हे एक पुस्तक नव्हे, अनेक शतकांत अनेक हातांनी लिहिलेल्या पुस्तकांचं ते कपाट आहे. अख्ख्या कपाटाला एक शेरा कसा मारणार?

माझी उमेदीची वर्षं बांधकामाच्या साइटवर गेली. तिथे ठेकेदाराचं बिल एकगठ्ठा खरं किंवा खोटं नसतं. मेजरमेंट बुकात प्रत्येक बाब वेगळी मोजतात: खोदाई किती, काँक्रीट किती, दगडी पिचिंग किती. एक बाब फुगवलेली निघाली म्हणून खोदाई झालीच नाही असं कोणी म्हणत नाही. आणि खोदाई बरोबर भरली म्हणून बाकीच्या बाबी डोळे मिटून पासही होत नाहीत. प्राचीन ग्रंथ तपासायची हीच रीत मला पटते. ती बोलून दाखवण्यापेक्षा एका प्रकरणावर चालवून बघू.

प्रकरण असे निवडले आहे की ज्याची दोन्ही बाजूंची कागदपत्रे हाताशी आहेत, जमिनीतला पुरावा आहे आणि शेवटी एक भला मोठा चमत्कारही आहे. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदा या छोट्या राज्यावर स्वारी केली. तिथे राजा होता हिज्कीया, राजधानी यरुशलेम. (नावे मराठी बायबलातल्याप्रमाणे ठेवली आहेत.) बायबलमध्ये ही हकीकत तीन ठिकाणी आहे: दुसरे राजे, अध्याय १८ व १९, यशया, अध्याय ३६ व ३७, आणि दुसरे इतिहास, अध्याय ३२. शेवट असा, की एका रात्री परमेश्वराच्या दूताने अश्शूरी छावणीतली एक लाख पंच्याऐंशी हजार माणसे मारली आणि सन्हेरीब निनवेला परतला.

दुसऱ्या बाजूचा कागद

सन्हेरीबाने आपल्या स्वाऱ्यांची हकीकत मातीच्या बहुकोनी स्तंभांवर कोरून ठेवली. त्यातला सहा बाजूंचा टेलर प्रिझम ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तसाच दुसरा शिकागोला, तिसरा यरुशलेमच्या संग्रहालयात. स्वारीनंतर लगेचच, इ. स. पू. ७०० च्या सुमारास लिहिलेला रस्साम सिलिंडरही उपलब्ध आहे. म्हणजे जवळजवळ समकालीन दफ्तर.

त्यात सन्हेरीब सांगतो की आपण यहूदाची ४६ तटबंद शहरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली आणि हिज्कीयाला त्याच्याच राजधानीत, पिंजऱ्यात पक्षी कोंडावा तसे कोंडले. पुढे खंडणीची यादी येते: ३० तालांत सोने, ८०० तालांत चांदी आणि इतर बरेच काही. शहर घेतले, तट पाडले, राजाला पकडले, असे मात्र तो कुठेच म्हणत नाही. बढाई मारण्यात हा राजा कमी नव्हता. तेव्हा हे मौन बोलके आहे.

आता बायबल बघा. दुसरे राजे १८ मधली १४ ते १६ ही वचने सांगतात, की हिज्कीयाने लाखीशला निरोप पाठवून ‘माझे चुकले’ अशा अर्थाची शरणागती पत्करली, ३०० तालांत चांदी आणि ३० तालांत सोने देण्याचे कबूल केले, आणि त्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोने खरवडून काढले. सोन्याचा आकडा दोन्हीकडे हुबेहूब एक, तीस तालांत. म्हणजे अंदाजे एक टन. चांदीचा आकडा जुळत नाही. एकमेकांचे शत्रू असलेले दोन लेखक एका आकड्यावर येतात तेव्हा तो आकडा सहसा खरा असतो. आणि आपल्या धर्मनिष्ठ राजाने देवळाचे सोने ओरबाडून शत्रूला दिले, हे कोणता भक्त मुद्दाम रचून लिहील?

गंमत पुढेच आहे. यशयाच्या पुस्तकात हीच हकीकत जवळजवळ शब्दशः आली आहे, पण नेमकी ही तीन वचने तिथे नाहीत. ‘इतिहास’ हे पुस्तक आणखी नंतरचे, त्यातही खंडणीचा पत्ता नाही. कथा हातोहात जाताना अडचणीच्या ओळी कशा गळतात, हे एकाच ग्रंथाच्या पानांवर दिसते. म्हणून ‘बायबल काय म्हणते’ असे विचारण्यापेक्षा, बायबलमधला कोणता थर काय म्हणतो, असे विचारायला हवे.

जमिनीत काय मिळाले

लाखीशचा पुरावा तर डोळ्यांत भरण्यासारखा. विशेष म्हणजे सन्हेरीबाच्या लेखी वृत्तांतात लाखीशचे नाव नाही. पण निनवेच्या त्याच्या राजवाड्यात लाखीशच्या वेढ्याची शिल्पपट्टी होती. एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन हेन्री लेयार्डने ती उकरली, आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दगडमातीचा उतार, त्यावरून चढणारी तट फोडायची यंत्रे, वरून पडणाऱ्या पेटत्या मशाली, सामान घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे, हे सगळे तीत आहे. प्रत्यक्ष लाखीशला १९३० च्या दशकात जेम्स स्टार्की यांनी आणि १९७३ पासून डेव्हिड उसिश्किन यांनी उत्खनन केले. जळिताचा थर, बाणांची पाती, गोफणगुंडे आणि अश्शूरी सैन्याने रचलेला तो दगडी उतारही मिळाला. बायबलमध्ये सन्हेरीब लाखीशला तळ देऊन होता असे आहे. ही बाब मोजली, बरोबर भरली.

यरुशलेममध्ये नहमान अविगाद यांना सुमारे सात मीटर जाडीची तटभिंत सापडली. ती चालू वस्तीतली घरे कापून गेली आहे. तट बळकट करण्यासाठी घरे पाडल्याचा उल्लेख यशया २२ मध्ये आहे. आणि मग तो बोगदा. माझ्यासारख्याला खरा मोह त्याचाच.

शहराचे पाणी गीहोन झऱ्याचे, आणि झरा तटाबाहेर. हिज्कीयाने पाणी आत वळवले असे राजे आणि इतिहास ही दोन्ही पुस्तके सांगतात. गीहोनपासून शिलोह तळ्यापर्यंत खडकातून खणलेला ५३३ मीटरचा बोगदा आजही आहे, आणि त्यातून पाणी वाहते. सरळ रेषेत अंतर ३२० मीटरच्या आसपास, पण बोगदा नागमोडी गेला आहे. दोन्ही तोंडांकडून खणत आणले आणि मध्ये गाठ पडली. एवढ्या लांबीत तळाचा उतार जेमतेम एक फूट, म्हणजे सुमारे ०.०६ टक्के. लेव्हल यंत्र नाही, होकायंत्र नाही. ज्याने साधी गटाराची लाइन टाकली आहे त्याला विचारा, हा आकडा काय आहे ते!

१८८० मध्ये बोगद्याच्या भिंतीवर सहा ओळींचा हिब्रू लेख सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. दोन टोळ्यांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले आणि गाठ पडून पाणी कसे वाहिले, याचे त्यात वर्णन आहे. लांबी १२०० हात दिली आहे. ५३३ मीटरला १२०० ने भागा, एक हात साडेचव्वेचाळीस सेंटिमीटरच्या जवळ येतो. कोपरापासून बोटापर्यंतचे माप. बरोबर.

पण इथेच थांबून नीट वाचायला हवे. त्या लेखात हिज्कीयाचे नाव नाही. कोणत्याच राजाचे नाही, देवाचेही नाही. २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात गिलाव्यातल्या वनस्पतींचे कार्बन मापन आणि लवणस्तंभांचे युरेनियम-थोरियम मापन करून काळ इ. स. पू. ७०० च्या सुमाराचा ठरवला गेला. काही पुरातत्त्वज्ञ खोदकाम हिज्कीयाच्या थोडे आधीचे मानतात. तेव्हा शेरा असा लिहावा: बोगदा आहे, काळ जुळतो, हिज्कीयाने खणवला हे बहुधा खरे. आणि बोगदा खरा आहे म्हणून देवदूतही खरा, ही उडी मात्र मेजरमेंट बुकात बसत नाही. पाइपलाइन मोजून कोणी आकाशवाणीचं बिल पास करत नाही.

चुकलेल्या बाबी

तारखांत घोळ आहे. दुसरे राजे १८ च्या दहाव्या वचनात हिज्कीयाच्या सहाव्या वर्षी शोमरोन पडले असे आहे, तेराव्या वचनात त्याच्या चौदाव्या वर्षी सन्हेरीब आला असे. म्हणजे मध्ये आठ वर्षे. प्रत्यक्षात शोमरोन इ. स. पू. ७२२ च्या सुमारास पडले आणि सन्हेरीब आला ७०१ मध्ये. अंतर वीस वर्षांवर जाते. एकाच पानावरच्या दोन ओळींचा मेळ बसत नाही. कूशचा राजा तिऱ्हाका मदतीला आला असेही म्हटले आहे; तिऱ्हाका राजा झाला ७९० नव्हे, ६९० मध्ये, म्हणजे स्वारीनंतर अकरा वर्षांनी. नंतरची पदवी मागे लावली, हा सरळ अर्थ.

सन्हेरीबाच्या मृत्यूची ओळ मात्र थक्क करते. तो परतला आणि आपल्या देवाच्या मंदिरात पूजा करीत असताना त्याच्या मुलांनी त्याला मारले, असे राजे म्हणते. एका मुलाचे नाव अद्रम्मेलेक. बाबिलोनी बखरीत (त्या दफ्तराला दुसरे नाव सुचत नाही) सन्हेरीबाला त्याच्या मुलाने बंड करून मारले असे स्पष्ट नोंदले आहे. १९८० मध्ये सिमो पारपोला यांनी एका अश्शूरी पत्राच्या आधारे मारेकरी मुलाचे नाव अर्द-मुलिस्सु असल्याचे दाखवले. अद्रम्मेलेक हे त्याचेच बिघडलेले रूप. म्हणजे बातमी खरी होती. पण खून झाला ६८१ मध्ये, वीस वर्षांनी. कथेत ती वीस वर्षे दोन वाक्यांत मिटली, त्यामुळे अपमानाची शिक्षा लगेच मिळाल्यासारखी वाटते.

आता तो आकडा

एक लाख पंच्याऐंशी हजार. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरा, साडेपाच लाख लिटर होते, जनावरे सोडून. माणशी अर्धा किलो धान्य धरले तर रोजचे ९२ टन. गाढवाच्या पाठीवर ७५ किलो लादले तर दिवसाला बाराशेवर गाढवे, त्यांचा चारा वेगळा. हे सगळे डोंगराळ, कमी पाण्याच्या मुलखात, आणि तेही बाहेरचे झरे हिज्कीयाने बुजवून टाकल्यावर. छावणी यरुशलेमलाच होती असे ग्रंथ म्हणत नाही, हे खरे. तरी आकडा पेलत नाही.

त्याहून मोठा पुरावा पुढच्या वर्षांचा आहे. एवढे सैन्य एका रात्रीत गेले असते तर अश्शूरची कंबर मोडली असती. प्रत्यक्षात इ. स. पू. ७०० मध्ये सन्हेरीब बाबिलोनियावर चालून गेला. साम्राज्य ६१२ मध्ये निनवे पडेपर्यंत टिकले. आणि हिज्कीयाचा मुलगा मनश्शे अश्शूरच्या मांडलिक राजांच्या यादीत दिसतो. जिंकलेला पक्ष खंडणी भरत नाही.

पण थांबा, हीच फुटपट्टी सन्हेरीबालाही लावायची आहे. २,००,१५० माणसे? संपूर्ण यहूदाच्या तेव्हाच्या लोकसंख्येचे पुरातत्त्वज्ञांचे अंदाज याच्या बरेच खाली आहेत. मातीत भाजलेला आकडा चर्मपत्रावरच्या आकड्यापेक्षा आपोआप खरा होत नाही. आपल्याकडे शिलालेख म्हटले की हात जोडायची सवय आहे. ती सोडायला हवी. राजाने कोरलेला लेख हा राजाचा जाहिरातफलकही असतो.

सोयीचा तिसरा मार्ग

काही शहाणी माणसे म्हणतात, देवदूत वगैरे सोडा, प्लेगची साथ आली असणार. हा मार्ग जुनाच आहे. पहिल्या शतकातल्या योसेफसने साथीचा रोगच सांगितला आहे. त्याच्या जोडीला हिरोडोटस आणतात: त्याने इजिप्तमध्ये ऐकलेल्या कथेत सन्हेरीबाच्या सैन्याचे भाते, धनुष्याच्या दोऱ्या आणि ढालींचे पट्टे रानउंदरांनी एका रात्रीत कुरतडले. उंदीर आले म्हणजे प्लेग आला! पण हिरोडोटसच्या कथेत आजार नाही, जागा यरुशलेम नाही, इजिप्तच्या सीमेवरचे पेलुसियम आहे, आणि वाचवणारा देव इजिप्तचा आहे. दोन वेगळ्या चमत्कारांतले सोयीचे तुकडे जोडून तिसरी ‘शास्त्रीय’ घटना तयार करणे म्हणजे दोन पडक्या पुलांचे गर्डर जोडून नवा पूल बांधणे. लाखीशच्या गुहांत स्टार्कींना मिळालेले सुमारे पंधराशे माणसांचे अवशेषही या साथीचा पुरावा म्हणून दाखवले जातात. त्यात बायका-मुलेही आहेत. ती सन्हेरीबाच्या छावणीतली कशी?

वेर्नर केलर यांच्या १९५५ च्या लोकप्रिय जर्मन पुस्तकाच्या नावाचाच अर्थ ‘आणि तरीही बायबल बरोबर आहे’ असा होतो. माझी तक्रार याच धाटणीबद्दल आहे. निकाल मुखपृष्ठावर छापून साक्षी आत तपासायच्या, हा न्याय नव्हे. शिवाय अशा पुस्तकांनी श्रद्धेचे भले होते असेही नाही. चमत्काराला उंदीर-पिसवांवर आणून ठेवले की तो चमत्कार उरत नाही, आणि पुरावा नसल्यामुळे इतिहासही होत नाही.

उलट बाजूलाही टोक आहेच. दावीद राजा हा निव्वळ कल्पना, असे ठामपणे म्हणणाऱ्यांना १९९३ मध्ये तेल दान येथे ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख असलेला अरामी लेख मिळाल्यावर आवाज खाली आणावा लागला. आणि यरीहोची कोसळलेली भिंत सापडली असे १९३० च्या दशकात गार्स्टँग यांनी जाहीर केले, तेव्हा आस्तिकांनी आनंद केला. कॅथलीन केन्यन यांनी १९५० च्या दशकात दाखवले की ती भिंत यहोशवाच्या मानल्या गेलेल्या काळाच्या कित्येक शतके आधीची आहे. यरीहोची बाब नामंजूर, लाखीशची मंजूर. ग्रंथ तोच. म्हणून बाबनिहाय तपासा, एवढेच म्हणणे आहे.

आपली बखर, त्यांची बखर

हे आपल्याला परके का वाटावे? गोव्यात बायबलची कथा मराठीत ऐकू येते ती चारशे वर्षांपासून; फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण राचोलला १६१६ मध्ये छापले गेले. आणि तपासणीची रीतही घरचीच आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींतल्या चुका अस्सल पत्रांशी ताडून दाखवल्या. सभासद बखरीत अफझलखानाच्या भेटीआधी भवानी महाराजांना दर्शन देते. त्या ओळीमुळे १६५९ ची प्रतापगडाची भेट झालीच नाही असे आपण म्हणत नाही. आणि भेट सिद्ध आहे म्हणून दर्शनही दफ्तरी नोंदले गेले, असेही इतिहासकार लिहीत नाही. ज्याला ही सवलत सभासदाला द्यावीशी वाटते त्याने ती ‘राजे’च्या लेखकालाही द्यावी. जो ‘राजे’वर कठोर होतो त्याने घरीही तितकेच कठोर व्हावे. देऊळ आणि चर्च एकाच वाड्यावर असलेल्या आपल्यासारख्या मुलखात ही एक फुटपट्टी नसेल, तर स्थानिक इतिहास म्हणजे शेजाऱ्याची उणीदुणी काढायचा उद्योग होऊन बसेल.

मग त्या रात्री काय झाले? आपल्याजवळच्या पुराव्यातून इतके निघते: लाखीश पडले, मुलूख उद्ध्वस्त झाला, हिज्कीयाने जबर खंडणी दिली, यरुशलेम मात्र पडले नाही आणि राजा गादीवर राहिला. शोमरोनचे जे झाले ते बघितलेल्या लोकांना हे वाचणे अघटितच वाटले असणार. त्याचा अर्थ त्यांनी आपल्या भाषेत लावला. त्या अर्थाचेही थर आहेत. यिर्मया २६ मध्ये, सुमारे शंभर वर्षांनंतरच्या प्रसंगात, वडीलधारी मंडळी हिज्कीयाच्या सुटकेची आठवण काढतात: राजाने देवाचे भय धरले म्हणून अरिष्ट टळले. देवदूत नाही, एक लाख पंच्याऐंशी हजार नाहीत.

दूत आला की नाही, यावर इतिहासाने शेरा मारू नये. त्याच्याजवळ ते माप नाही. पण लोकांनी दूत आल्याचे मानले, ही घटनाच आहे, आणि तिचे परिणाम मोजता येतात. ‘हे देवाचे घर आहे, हे शहर पडणार नाही’ ही खात्री पुढे इतकी घट्ट झाली की तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या यिर्मयाला, त्याच अध्यायातल्या हकीकतीप्रमाणे, जिवे मारायला निघाले होते. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेम घेतले आणि मंदिर जाळले. बोगदा तेव्हाही वाहतच होता.